न हलणारा कांटा

मोटारगाडींत बसलेल्या मुलाचें लक्ष सर्वांत आधीं जातें तें वेगाच्या तबकडीकडे. गाडी ताशीं किती धांवते हें त्यास चालकाच्या खांद्यावरून डोकावून पाहावयाचें असतें, आणि कांटा जरा पुढें सरकला म्हणजे तो शेजारच्यास कोपरानें ढोसतो. पण त्याच फळीवर एका कोपऱ्यांत तेलाच्या झारीचें चित्र असलेली एक लहानशी तबकडी असते. निदान जुन्या गाड्यांत ती असे. तिच्याकडे पाहून कोणीहि कोणास ढोसल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. या लेखांत त्या दुर्लक्षित तबकडीची, आणि तिच्यापायीं आमच्या कुटुंबांत जें घडलें त्याची, हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं यंत्राच्या भागाकडे लक्ष द्यावें. पालकांस दुसरा भागहि कदाचित् रुचेल.

प्रथम यंत्राविषयीं. एंजिनाच्या पोटांत जो मुख्य दांडा फिरतो त्यास क्रँक म्हणतात, आणि ज्या धातूच्या कड्यांत तो फिरतो त्यांस बेअरिंग. दांडा मिनिटास तीन-चार हजार फेरे घेतो, शिवाय प्रत्येक स्फोटाचा दणका त्यावर बसतो. हे दोन धातु एकमेकांवर खरोखरच घांसूं लागले तर कांहीं क्षणांतच लाल होऊन चिकटतील. तसें होत नाहीं, याचें कारण ते एकमेकांस शिवतच नाहींत. दोहोंच्या मध्यें केसाहूनहि पातळ असा तेलाचा पापुद्रा असतो, आणि दांडा त्या पापुद्र्यावर तरंगत असतो.

ही गोष्ट उघडकीस आली ती मोठ्या गमतीनें. सन १८८३ च्या सुमारास इंग्लंडांतील बीचम टॉवर नांवाचे गृहस्थ मेकॅनिकल एंजिनियरांच्या संस्थेसाठीं आगगाडीच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. तेल घालण्याची सोय व्हावी म्हणून त्यांनीं बेअरिंगच्या माथ्यावर एक भोंक पाडलें. यंत्र सुरू करितांच, तेल आंत जाण्याऐवजीं त्या भोंकांतून उलट वर येऊं लागलें. त्यांनीं भोंकांत बूच बसविलें. तें बाहेर फेंकलें गेलें. लांकडी खुंटी ठोकली. तीहि हळूहळू वर सरकून निघाली. अखेर तेथें त्यांनीं दाब मोजण्याचें यंत्र लाविलें, तेव्हां त्याचा कांटा चौरस इंचास २०० पौंडांच्या पलीकडे, तबकडीच्या टोंकास जाऊन टेकला. आणि बेअरिंगवरील वजन तर सरासरीनें चौरस इंचास १०० पौंडच होतें! फिरणारा दांडा तेलास आपल्याखालीं ओढून घेतो व त्या तेलाच्या पाचरीवर स्वतःच उचलला जातो, हें यावरून दिसून आलें. मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनीं १८८६ सालीं त्याचें गणित मांडलें. वर्गांत हा प्रसंग सांगितला म्हणजे मागल्या बांकावरील मुलेंहि खिडकीबाहेर पाहावयाचीं थांबतात, असा आमचा अनुभव आहे.

तेव्हां ओझें उचलण्याचें काम दांडा व तेल यांचें आपसांतलें आहे. एंजिनांतील पंपाचें काम फक्त तेल तेथपर्यंत पोहोंचविण्याचें; आणि तें पोहोंचतें आहे कीं नाहीं हें सांगण्याचें काम झारीच्या तबकडीचें. दाब नाहीं याचा अर्थ तेल पोहोंचत नाहीं. अलीकडील बहुतेक गाड्यांत या तबकडीऐवजीं एक तांबडा दिवा असतो. तो साधारणपणें दाब पांच-सात पौंडांच्या खालीं उतरल्यावर लागतो. पन्नासावरून दहावर दाब उतरेपर्यंत तो मुकाट्यानें बसतो, आणि बोलतो तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो.

आतां आमच्या दादांविषयीं. दादा आमच्याहून सतरा वर्षांनीं वडील. एस. टी. च्या गाडीवर त्यांनीं एकतीस वर्षें नोकरी केली, त्यांतील निम्म्याहून अधिक कसाऱ्याच्या घाटांत. आम्हांस पदवीपर्यंत शिकविलें तें त्यांच्या पगारानें. लहानपणीं सुटीच्या दिवशीं आम्ही त्यांच्या गाडींत एंजिनाच्या झांकणाशेजारीं बसून प्रवास करीत असूं. डेपोंतून गाडी काढण्यापूर्वीं ते एंजिन सुरू करीत, आणि उतारू कितीहि ओरडले तरी तबकड्यांकडे पाहत स्वस्थ बसत. एक तबकडी ब्रेकच्या हवेची, एक पाण्याच्या उष्णतेची, एक तेलाची. तिन्ही कांटे आपापल्या जागीं आल्यावांचून त्यांनीं क्लच सोडल्याचें आम्हांस आठवत नाहीं. "एंजिनाला तोंड नाहीं," असें ते म्हणत, "म्हणून त्याला कांटा दिलाय."

दादांचा एकुलता एक मुलगा एंजिनियर होऊन विलायतेस गेला व डर्बी शहरीं एका कारखान्यांत नोकरीस लागला. सन २०२१ च्या एप्रिलांत, त्या भयंकर साथींत, आमच्या वहिनी वारल्या. विमानप्रवासावर निर्बंध होते. मुलास येतां आलें नाहीं. त्यानें सर्व विधि टेलिफोनच्या लहानशा पडद्यावर पाहिला. त्यांत त्याचा दोष नव्हता, आणि दादांनींहि त्यास कधीं शब्दानें दोष दिला नाहीं. मात्र तेव्हांपासून बापलेकांचें बोलणें हवापाण्यापुरतें उरलें. दर रविवारीं फोन येई. तिकडे पाऊस आहे काय, इकडे ऊन किती, गुडघे कसे आहेत, बरे आहेत. आणि मग तीन मिनिटांत फोन आमच्या हातीं. पुतण्यानें जुनी स्पोर्ट्स मोटार विकत घेतल्याचें कळलें, तेव्हां दादांनीं एवढेंच विचारलें, "किती सीटांची?" दोनच माणसांची असें ऐकून ते म्हणाले, "मग ती गाडी कसली!"

२०२४ च्या मे महिन्याच्या सुटींत पुतण्यानें आम्हां दोघांस तिकडे बोलाविलें. दादा येतील असें आम्हांस वाटलें नव्हतें, पण ते आले.

गाडी माझदा कंपनीची, एमएक्स-५ नांवाची, १९९९ सालीं बनलेली. या जातीची पहिली गाडी १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत मांडली गेली. जपानांत हिरोशिमा येथें ती बनते, पण तिचा घाट सारा जुन्या इंग्रजी उघड्या गाड्यांचा. लहान, हलकी, बसणाराचें बूड रस्त्यापासून वीतभर उंचीवर, आणि छप्पर हातानें मागें लोटून देण्याजोगें. २०१६ च्या एप्रिलांत या जातीची दहालाखावी गाडी कारखान्यांतून बाहेर पडली. दोन माणसांच्या उघड्या गाडीचा इतका खप जगांत दुसऱ्या कोणत्याहि गाडीचा झाला नाहीं.

पोहोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें दादांस फेरी मारावयास नेलें. गाडी दोघांची, सबब आम्ही फाटकाशीं उभे राहिलों. वीस मिनिटांनीं ते परतले. दादा गुडघ्यावर हात टेंकून कसेबसे बाहेर आले, गाडीभोंवतीं एक प्रदक्षिणा घातली, आणि म्हणाले, "गाडी छान आहे. पण ऑइलचा कांटा रजेवर आहे."

पुतण्या हंसला, पण दादा थट्टा करीत नव्हते. एंजिन सुरू झाल्यावर कांटा मध्यावर आला तो तेथेंच राहिला. गाडी चौकांत मंद उभी असतां मध्यावर, चढावर ताण बसला तरी मध्यावर, थंड असतां तेथेंच आणि तापल्यावरहि तेथेंच. एकतीस वर्षें खरा कांटा पाहिलेल्या माणसास त्यांतील खोटेपणा समजावयास वीस मिनिटें पुष्कळ झालीं. तेल हें काकवीसारखें आहे. थंडींत घट्ट, उन्हांत पातळ. घट्ट असतांना दाब चढतो, पातळ झालें कीं उतरतो. पंप एंजिनाबरोबर फिरतो म्हणून वेग वाढला कीं चढतो, मंदावला कीं उतरतो. खरा कांटा स्वस्थ बसूंच शकत नाहीं.

पुतण्यास हें ठाऊक होतें, कारण या गाड्यांच्या शौकिनांत ती गोष्ट प्रसिद्धच आहे. १९९४ पर्यंतच्या गाड्यांत तो कांटा खरा असे. तो वर-खालीं होतांना पाहून पुष्कळ लोक घाबरत व गाडी बिघडली म्हणून तक्रार घेऊन जात, असें कारण त्याचें सांगतात. कांहीं असो, १९९५ पासूनच्या गाड्यांत तबकडी तीच ठेवून तिच्यामागें फक्त एक बटण बसविण्यांत आलें. दाब अगदींच नसला तर कांटा शून्यावर, थोडासा असला तरी एकदम मध्यावर. "म्हणजे," दादा म्हणाले, "दिव्यानें कांट्याचें सोंग घेतलंय." या वाक्यावर आम्हांस तरी कांहीं जोडतां आलें नाहीं. दिवा निदान आपण दिवा आहों हें कबूल करितो.

हा विषय येथेंच संपला असता, पण पुतण्याच्या मनांत एक बेत होता. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲपलक्रॉस नांवाचें खेडें आहे. तेथें जाणारा जुना रस्ता समुद्रकांठापासून निघून ६२६ मीटर उंचीच्या एका खिंडींतून जातो. तिचें नांव गेलिक भाषेंत बेलाख ना बा, म्हणजे गुरांची खिंड. रस्ता एकपदरी, समोरून गाडी आली तर मधून मधून ठेविलेल्या जागीं एकानें थांबावयाचें, माथ्याजवळ आपल्याकडच्या घाटासारखीं वळणें, आणि कांहीं ठिकाणीं पांच फुटांस एक फूट असा चढ. घाटांत आयुष्य घालविलेल्या बापास हा घाट दाखवावा, असें त्याच्या मनानें घेतलें होतें. डर्बीहून तेथवर सुमारें ५०० मैल. त्यानें तें जेवतांना सांगितलें.

दादांनीं पाण्याचा पेला खालीं ठेविला. "एवढ्या लांब जायचं, घाट चढायचा, आणि ऑइल किती तें कोणी सांगायचं? मी नाहीं येत."

पुतण्याचा चेहरा पडला. तो नकार सगळा तेलाविषयींचा नव्हता, हें तिघांसहि कळत होतें. चार दिवस, दोनच माणसें, मध्यें गिअरचा दांडा. एवढा वेळ बोलावयाचें काय? रात्रीं पुतण्या आमच्या खोलींत आला. "काका, मी खरा गेज बसवतों. मग येतील का ते?" आम्हीं सांगितलें, "येतील कीं नाहीं तें माहीत नाहीं. पण बसवतांना त्यांना हांक मार."

गेज कोणता घ्यावा यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाद झाला, आणि त्या घरांत आम्हीं ऐकलेला तो पहिला मोकळा वाद. दादांचें मत नळीच्या गेजाकडे. त्यांत एंजिनांतलें तेलच बारीक नळीनें तबकडीपर्यंत येतें, आणि तबकडींतील वाकडी पोकळ नळी दाबानें सरळ होऊं पाहते. तिच्या टोंकास कांटा जोडलेला असतो. युजीन बूर्दाँ या फ्रेंच गृहस्थानें १८४९ सालीं हिचें पेटंट घेतलें. आगगाडीच्या बॉयलरपासून दवाखान्यांतील प्राणवायूच्या टाकीपर्यंत ती आजहि चालते. १९६२ ते १९८० पर्यंत बनलेल्या एमजी-बी या इंग्रजी जातीच्या बऱ्याच गाड्यांतहि तेलाचा दाब असाच नळीनें तबकडीपर्यंत येई. "तारेचं काय सांगावं? नळींत ऑइल दिसतं." पुतण्याचें म्हणणें असें कीं, तीच नळी फुटली तर कढत तेल बसणाराच्या मांडीवर येईल. विजेच्या गेजांत तेल बाहेरच राहतें. दाबाप्रमाणें ज्याचा विद्युत्-रोध बदलतो असा एक डबीएवढा भाग एंजिनापाशीं बसतो, आणि आंत फक्त तार येते. मांडीचा मुद्दा दादांस पटला. विजेचा गेज ठरला. सोबत तेलाच्या उष्णतेचा दुसरा गेज घ्यावा ही सूचना मात्र दादांची. गेज व त्याची डबी एकाच जातीचीं घ्यावीं लागतात, कारण निरनिराळे कारखानदार निरनिराळे रोध वापरतात. एकाची डबी दुसऱ्याच्या तबकडीस जोडली तर कांटा हलतो खरा, पण सांगतो तें भलतेंच.

सामान आल्यावर शनिवारीं काम सुरू झालें. आमच्याकडे विजेरी धरण्याचें काम आलें. या गाडीची बॅटरी मागल्या सामानाच्या पेटींत असते. तिची ऋण तार प्रथम सोडविली. मग गाडी लोखंडी आधारांवर उचलून पुतण्या खालीं शिरला. तेलाचा फिल्टर हवेच्या नळांखालीं अशा अडचणींत बसविलेला आहे कीं, हात आंत गेल्यावर डोळ्यांस कांहीं दिसत नाहीं व डोळे लावावे तर हात जात नाहीं. फिल्टर काढून त्याच्या व एंजिनाच्या मध्यें ॲल्युमिनियमची एक जाड चकती बसवावयाची होती. तेल तिच्यांतूनच येजा करितें, आणि तिच्या कडेस दोन भोंकें असतात. एक दाबाच्या डबीसाठीं, एक उष्णतेच्या. दाबाची डबी जड असते. ती थेट तेथेंच बसविली तर एंजिनाच्या थरथरीनें तिचा पितळी मानेचा भाग कालांतरानें तुटतो, आणि मग सारें तेल रस्त्यावर. म्हणून कापडी वेष्टणाची रबरी नळी घेऊन डबी बाजूस, गाडीच्या अंगास बांधावयाची, असें ठरलें.

येथें पहिली अडचण आली. नळीच्या टोंकाची आटी चकतीच्या भोंकांत दोन फेरे गेली आणि अडकली. पुतण्यानें पाना लावला. दादा इतका वेळ खुर्चीवर बसून होते. ते उठले, वांकले, आणि त्याच्या मनगटावर हात ठेविला. "जोर नको. ती जात नाहीं म्हणते आहे." नळी बाहेर काढून दोन्ही आट्या उजेडांत पाहिल्या. चकतीची आटी अमेरिकन, इंचास २७ फेरे. नळीची इंग्रजी, इंचास २८. इंचांत एका फेऱ्याचा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, पण धातूस तो कळतो. आणखी एक फेरा जोरानें दिला असता तर ॲल्युमिनियमची आटी गेली असती. योग्य जोड मागविण्यांत दोन दिवस गेले. ते दोन दिवस दोघे मिळून तबकड्यांची जागा ठरवीत होते. या गाडीच्या फळीवर मधोमध हवा येण्यासाठीं दोन गोल झरोके असतात, आणि ५२ मिलिमीटर व्यासाच्या तबकड्या त्यांत जवळजवळ बेतल्यासारख्या बसतात. चालकासमोर फळी कापून त्या बसवाव्या असें पुतण्याचें म्हणणें होतें. दादा म्हणाले, "मध्येंच लाव. शेजारच्यालाहि दिसल्या पाहिजेत." शेजारीं कोण बसणार याविषयीं दोघांपैकीं कोणींच कांहीं विचारलें नाहीं, आणि आम्हींहि विजेरीची बॅटरी बदलण्याच्या निमित्तानें घरांत गेलों.

मंगळवारीं सायंकाळीं जोडणी पुरी झाली. आंत जाणाऱ्या तारा लोखंडी भिंतींतून नेतांना त्यांस रबरी कडें घातलें, नाहींतर पत्र्याची कड तारेचें वेष्टण कापते. वाटेंत फ्यूज घातला. बॅटरी जोडली. पुतण्यानें एंजिन सुरू न करितां फक्त किल्ली एक घर फिरविली, आणि दाबाचा कांटा सरसर चढून थेट ८० वर, तबकडीच्या टोंकास, जाऊन बसला.

पुतण्या गोंधळला. दादा मात्र हंसूं लागले. वहिनी गेल्यापासून ते असे हंसल्याचें आम्हीं पाहिलें नव्हतें. "एंजिन बंद, पंप बंद, आणि दाब ऐंशी! गाडी डेपोंत उभी, आणि कंडक्टरनं ऐंशी तिकिटं फाडलीं!"

विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून कारण शोधून पाहावें. या जातीच्या गेजांत दाब वाढला कीं डबीचा रोध वाढतो. तेव्हां मार्ग अजिबात तुटला तर रोध अमर्याद, आणि कांटा पूर्ण वर. मार्ग तुटला कोठें? एंजिनांतच बसलेल्या डबीस परतीची तार लागत नाहीं. एंजिनाचा धातूच तें काम करितो. आमची डबी मात्र रबरी नळीच्या टोंकास, रबरी अस्तराच्या पट्ट्यानें बांधलेली. चोहोंकडून रबर, वीज परत जाणार कशी? पुतण्यास तें दोन मिनिटांत उमगलें. डबीच्या धातूपासून गाडीच्या पत्र्यास एक आंखूड तार जोडतांच कांटा निमूटपणें शून्यावर आला. दादांनीं तीनदां किल्ली लावून-काढून पाहिली. त्यांचा नियम असा कीं, कांहीं नसतांना जो गेज शून्य दाखवितो, त्याच्याच पुढील बोलण्यावर विश्वास ठेवावा.

मग एंजिन सुरू केलें. एक क्षण शून्य. दुसऱ्या क्षणीं कांटा उठला आणि ६५ पौंडांवर जाऊन किंचित् थरथरत राहिला. फिल्टरखालीं पांढरा कागद पसरला होता, त्यावर थेंब नव्हता. एंजिन तापूं लागलें तसा कांटा उतरूं लागला. साठ, पंचावन्न, चाळीस. पुतण्या काळजींत पडला, कारण त्या गाडींत त्यानें कांटा उतरतांना कधीं पाहिलाच नव्हता. दादा उलट निर्धास्त होत चालले. तेल पुरें तापल्यावर मंद चालींत कांटा २४ वर थांबला, आणि एंजिन तीन हजार फेऱ्यांवर नेतांच ५० वर गेला. हजार फेऱ्यांस दहा पौंड हा जुन्या कारागिरांचा अडाखा. त्या हिशेबानें एंजिन निरोगी होतें. दाब जितका अधिक तितका बरा असें मात्र कोणीं समजूं नये. तेल फाजील घट्ट असलें किंवा वाट कोंडलेली असली तरीहि दाब चढतो.

दुसऱ्या तबकडीनें तर आम्हांसच नवें शिकविलें. गाडीचा पाण्याचा कांटा चार-पांच मिनिटांत मध्यावर आला. पाहणारास वाटावें, एंजिन तापलें. त्या वेळीं तेलाची उष्णता होती अवघी ४६ अंश. ती ८० च्या वर जावयास आणखी दहा मिनिटें लागलीं. म्हणजे पाणी तापलें म्हणून जो मनुष्य लगेच गाडी भरधांव हांकतो, तो काकवीसारख्या तेलावरच ती पळवीत असतो. उलट बाजूसहि मर्यादा आहेच. तेल १०० अंशांच्या आसपास गेलेलें चांगलें, त्यामुळें त्यांत सांचलेला ओलावा उडून जातो. पण १३० च्या पुढें बराच वेळ राहिलें तर तें लवकर खराब होतें व पापुद्रा विरळ होतो.

गुरुवारीं पहाटे ते दोघे निघाले. "येतों" असें दादा पुतण्यास शेवटपर्यंत म्हणालेच नाहींत; बुधवारीं रात्रीं त्यांनीं आमच्याकडे एक कोरी वही मागितली, एवढेंच. एस. टी. त असतांना ते लॉगशीट भरीत तशा तिच्यांत त्यांनीं पट्टीनें रेघा आंखल्या: वेळ, ठिकाण, दाब, उष्णता, शेरा. सकाळीं एंजिन सुरू झाल्यावर दोघेहि फळीकडे पाहत सात मिनिटें बसून होते. रस्त्यावर चिटपांखरूं नव्हतें.

ते चौथ्या दिवशीं परतले. आम्हीं वही वाचली. कार्लाइल, ४८ पौंड, ९४ अंश. ग्लासगोच्या बाहेर गर्दींत उभे असतां २३ पौंड, ९९ अंश. ग्लेनको, पाऊस. खिंडीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्यें ४५ पौंड, ११२ अंश, शेरा: "कसाऱ्यापेक्षां रस्ता अरुंद, लोक शहाणे. वाट देतात." माथ्यावर: "धुकें. कांहीं दिसलें नाहीं. थांबलों." उतारावर १०१ अंश.

वही अर्ध्या-अर्ध्या तासानें भरलेली होती. फक्त फोर्ट विल्यम ते लॉखकॅरन या टप्प्यांत दोन तासांहून अधिक वेळ एकहि नोंद नव्हती. गेज बंद पडला होता काय, असें आम्हीं दादांस विचारलें.

"नाहीं," ते म्हणाले. "बोलत होतों. लिहायचं राहिलं."

काय बोलले तें आम्हीं विचारलें नाहीं. संध्याकाळीं एंजिन निवल्यावर दादांनीं डिपस्टिक ओढून फडक्यानें पुसली, पुन्हां घालून पाहिली. तेल वरच्या खुणेच्या थोडें खालीं उतरलें होतें. पुतण्यानें अर्धा लिटर ओतलें, आणि तेवढी नोंद वहींत करून ठेविली. तें अक्षर त्याचें आहे.